ऑलिव्ह ओटमनचे गोंदण

अमेरिकेच्या पश्चिमेकडे नव्या वसाहतीसाठी निघालेल्या ओटमन कुटुंबावर १८५१ साली हिला नदीच्या परिसरात हल्ला झाला. आईबाप मारले गेले. किशोरवयीन ऑलिव्ह व तिची धाकटी बहीण यांना धरून नेण्यात आले. वर्षभराने दोघी मोहावे लोकांकडे आल्या. बहीण तेथेच दुष्काळात दगावली. ऑलिव्ह १८५६ साली परतली. पुढल्याच वर्षी रॉयल स्ट्रॅटन या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाने तिची हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

निवेदन पुष्कळसे तिच्याच तोंडी आहे. पण हा ‘मी’ कोणाचा? वाक्यांचा डौल तर प्रवचनकाराचा आहे. तिच्या हनुवटीवरील निळ्या रेषा ग्रंथकार दास्याची खूण ठरवितो. मोहावे मात्र आपल्याच माणसांची हनुवटी गोंदीत, परलोकी ओळख पटावी म्हणून. मेल्यावर सोबत येतो तो गोंदणाचाच दागिना, असे मानणाऱ्या आपल्याकडील आजीबाईंना हे समजावून सांगावे लागले नसते.

१८५४ साली व्हिपल यांची रेल्वेमार्ग-पाहणी तुकडी मोहाव्यांच्या प्रदेशातून गेली, तेव्हा ऑलिव्ह पुढे आली नाही. मार्गो मिफ्लिन या तिच्या चरित्रलेखिकेला (२००९) त्यात ती तेथे रमल्याची साक्ष दिसते. तर्क आकर्षक आहे. परंतु मौनाला इतके बोलके करणे मला धाडसाचे वाटते. उपदेशकाचा शब्द पुसून तेथे आपला लिहिण्यासारखेच ते होईल. त्यापेक्षा दुष्काळात मुखियाच्या पत्नीने तिला मक्याची पेज करून घातली, तो प्रसंग वाचावा. ग्रंथाच्या हेतूला बाध आणणारा तो मजकूर स्ट्रॅटनलाही गाळता आलेला नाही.