कोळशाचें अंतरंग आणि मसीचा काळ

जुन्या पोथीची शाई क्ष-किरणांनीं तपासून तिचा काळ ठरवावा, असा आग्रह नवी मुंबईकडील आम्हां संग्राहकांतहि अलीकडे ऐकूं येतो. ज्या शास्त्राच्या बळावर हा आग्रह धरला जातो, तें काय सांगतें हें पाहणें अवश्य आहे.

रोझालिंड फ्रँकलिन यांचा रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत १९५१ सालीं प्रसिद्ध झालेला निबंध या विषयांत आधारभूत होय. सेंद्रिय द्रव्यें हवेवांचून तापवून उरणाऱ्या कार्बनाचे दोन वर्ग पडतात, असें त्यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें दाखविलें. एका वर्गांतील कार्बन तीव्र आंचेनें ग्राफाइट होतो. दुसऱ्यांतील ३००० अंशांपर्यंत नेला तरी होत नाहीं. लांकडी कोळसा या दुसऱ्या वर्गांतला. ग्राफाइटांत अणूंचे थर ३.३५ अँगस्ट्रॉम अंतरावर शिस्तीनें रचलेले असतात. कोळशांत या थरांचे पुंजके लहान व वेडेवांकडे असल्यानें क्ष-किरणांच्या रेषा रुंद आणि पुसट उमटतात. विवेचन सप्रमाण व अनुमान संयमी आहे. तो संयम आमच्याकडील उत्साही मंडळींनीं उचललेला दिसत नाहीं.

कारण या रेषा लांकडास लागलेल्या आंचेचा स्थूल अजमास देतात, काळाचा नव्हे. कोळसा काल पाडलेला असो वा शिवकालीं, आंच सारखी तर रेषाहि बहुधा सारख्याच. वृक्षाची जातहि त्यांवरून कळत नाहीं. ती सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणाऱ्या नलिकांवरून ओळखावी लागते. (संस्कृतांतील ‘अङ्गार’ शब्द जळत्या व विझल्या दोन्ही कोळशांस चालतो, क्ष-किरणांची उदासीनता त्याच जातीची!) शिवाय पोथ्यांची शाई पुष्कळदां काजळाची, म्हणजे कोळशाची नव्हेच, आणि कागदाच्या तंतूंची ठळक रेषा कार्बनाच्या रेषेला अगदीं लागून पडते.

काळासाठीं रेडिओकार्बनाची रीति आहे. घोडनदीकांठच्या इनामगांवीं डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत केलेल्या उत्खननांतील ताम्रपाषाणयुगीन थरांचा कालक्रम बसवितांना ती उपयोगी पडली. तीहि लांकूड केव्हां वाढलें तें सांगते, केव्हां जाळलें तें नव्हे. तिळाच्या तेलाचें काजळ त्या मानानें बरें, कारण तीळ त्याच सालचे. पण इ. स. १६५० नंतरच्या तीन शतकांत या रीतीचीं उत्तरें इतकीं संदिग्ध येतात कीं, पेशवाईंतील अस्सल पत्र आणि इंग्रजी अमदानींतील बनावट पत्र यांचा निवाडा तिच्यानें सहसा होत नाहीं.

तेवढ्यासाठीं पत्रांतील एखादें अक्षर खरडून देणें मला मान्य नाहीं. आधीं मोडीचें वळण, मायने आणि कागद पाहावा, व मिति-वार-शकाचा मेळ जंत्रीवरून घालावा.