एका माणसाचे दोन कागद

दोस्तहो, एकाच माणसाचे दोन कागद तुमच्यापुढं ठेवतो. माणूस पेरूतला, अँडीजच्या डोंगरातला. नाव फेलिपे ग्वामान पोमा.

पहिला कागद कोर्टाचा. चूपासच्या जमिनीवर त्यानं वारसाहक्क सांगितला. समोर गोरे नव्हते. चाचापोया होते, तेही मूळनिवासीच, फक्त दुसऱ्या मुलखातून आणून वसवलेले. 1600 साली स्पॅनिश कोर्टानं ठरवलं : हा सरदार-बिरदार कुणी नाही, साधा 'इंडियन' आहे, खोटी पदवी लावून फिरतो. शिक्षा 200 फटके आणि दोन वर्षं हद्दपारी.

दुसरा कागद त्याचा स्वतःचा. 1615 च्या सुमारास त्यानं स्पेनच्या राजाला उद्देशून जवळपास 1200 पानांचा ग्रंथ पुरा केला. त्यात 398 चित्रं. झोडपणारे अंमलदार, बायकांना विणायला बसवणारे पाद्री, सगळ्यांना त्यानं उघडं पाडलं. हे बाड 1908 साली सापडलं ते कोपनहेगनच्या ग्रंथालयात! इथं तो स्वतःला राजवंशी म्हणवतो.

मग खरा कोणता? मला हा सवालच लबाड वाटतो. 'इंडियन' हे नाव बाहेरून आलेल्यांनी दिलं. केचुआ बोलणारे, आयमारा बोलणारे, शेकडो कुळं. करवसुलीच्या यादीत सगळे एक. आणि जमीन वाचवायची तर 'मी वरच्या कुळातला' हेच सांगावं लागे, कारण कोर्टाला तेवढंच ऐकू येई. म्हणजे दोन्ही कागदांची मोजपट्टी एकच.

म्हणून या ग्रंथाची नुसती आरती ओवाळणं मला जमत नाही. खालच्या थरातले लोक 'दोन' ही मानाची पदवी लावतात म्हणून हाच ग्वामान पोमा चिडतो. मिश्र रक्ताच्यांचा तर त्याला तिटकाराच. ज्या काठीनं कोर्टानं त्याला हाणलं, तीच तो आपल्याहून खालच्यांवर उगारतो. सत्तेचा कागद बंडखोराच्याही डोक्यात असा शिरतो.

पण एका जागी तो कागद फाडून बाहेर येतो. आणून वसवलेल्या परक्यांसाठी अँडीजमध्ये जुना शब्द होता, मित्माक. तो शब्द तो स्पॅनिश लोकांना लावतो. मोजपट्टी उलटी फिरते! आता नाव देणारा तो, आणि यादीत गोरा.

दोस्तहो, जुना कागद हातात आला की आधी विचारा : हा कुणाच्या दारात उभं राहून लिहिला? आणि यात नाव कोण कुणाला देतोय?