'ऑथेल्लो'मधील प्रतिमांचे स्थलांतर

शेक्सपिअरच्या नाटकांतील प्रतिमांची मोजदाद व वर्गवारी करण्याची पद्धत रूढ झाली ती प्रामुख्याने कॅरोलाइन स्पर्जन यांच्या १९३५ च्या ग्रंथामुळे. 'ऑथेल्लो'त पशूंच्या प्रतिमांचे प्राबल्य आहे, हे त्यांनी दाखविलेच आहे. परंतु प्रतिमा ही नाटकात कोणाच्या तरी मुखातून, कोणाला तरी उद्देशून आणि एका विशिष्ट क्षणी येत असते. तेव्हा प्रतिमा किती वेळा आली यापेक्षा ती कोणाकडून कोणाकडे गेली, हा प्रश्न नाट्यसमीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय. वोल्फगांग क्लेमेन यांनी इयागो व ऑथेल्लो यांच्या प्रतिमांतील भेद स्पष्ट केला आहे. त्या भेदाचे पुढे काय होते, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारात घेतला आहे.

पहिल्याच प्रवेशात इयागो अंधारात उभा राहून ब्रॅबॅन्शियोला त्याच्या कन्येच्या विवाहाची वार्ता देतो, ती एडका, मेंढी आणि घोडा यांच्या भाषेत. ऑथेल्लो अद्याप रंगभूमीवर आलेलाही नसतो. तो येतो तेव्हा त्याची वाणी सर्वस्वी निराळी असते : रणांगणे, ओसाड प्रदेश, गगनाला भिडणारे पर्वत, पर्वतप्राय लाटा. आपली भाषा ओबडधोबड आहे असे तो सिनेटसमोर म्हणतो खरा. परंतु त्याच्या पद्यातील भारदस्त लय त्या विधानाला खोटे पाडते.

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात या वाणीला तडा जातो. मत्सराच्या आहारी जाऊन जगणार असेन तर मला बोकड समजावे, अशा आशयाचे उद्गार ऑथेल्लो काढतो. येथे पशुप्रतिमा नकाराच्या रूपाने त्याच्या मुखात शिरते, ही गोष्ट लक्षणीय आहे. जे आपण नाही असे तो सांगतो, त्याचे नाव मात्र तो उच्चारून बसतो. थोड्याच वेळात तो अंधारकोठडीतील बेडकाचे जिणे पत्करण्याची भाषा करतो. त्याच प्रवेशात इयागो कामातुरतेची उदाहरणे म्हणून बोकड, माकडे व लांडगे यांची नावे घेतो. चौथ्या अंकात लोडोव्हिकोचे स्वागत करता करता ऑथेल्लो त्यांपैकी दोन नावे ओरडून निघून जातो. लोडोव्हिकोला त्याचा अर्थ लागत नाही. प्रेक्षकाला मात्र लागतो, कारण ती नावे प्रथम कोणी घेतली हे त्याने ऐकलेले असते.

तथापि हे स्थलांतर एकाच दिशेने होते असे समजणे चुकीचे ठरेल. सूडाची शपथ घेताना ऑथेल्लो कृष्णसमुद्राच्या कधीही मागे न फिरणाऱ्या प्रवाहाची उपमा देतो. ही उपमा १६२२ च्या क्वार्टोत नाही, १६२३ च्या फोलिओत आहे. तिचा आवाका ऑथेल्लोचा आहे, आशय इयागोने पुरविलेला आहे. आणि लगोलग गुडघे टेकून इयागो आकाशस्थ ज्योतींना साक्षी ठेवतो, तेव्हा तो ऑथेल्लोचीच भव्य शब्दकळा उसनी घेतो. खलपुरुष नायकाला आपली भाषा देतो आणि त्याची भाषा आपण पांघरतो.

या दृष्टीने पाहिल्यास अखेरच्या भाषणाविषयीचा जुना वाद वेगळ्या प्रकाशात दिसतो. ब्रॅडली यांना (१९०४) तेथे नायकाचे उदात्तत्व पुनःप्रस्थापित झालेले दिसले. एलियट यांना (१९२७) ती स्वतःची समजूत घालण्याची धडपड वाटली, आणि लीव्हिस यांनी (१९३७) आत्मवंचनेचा आरोप अधिकच तीव्र केला. मोती, अरबस्तानातील वृक्षांचा डिंक, दूरदेशीचे अलेप्पो यांवरून ऑथेल्लोला आपली वाणी परत मिळाली असे म्हणता येईल. परंतु त्या भाषणाच्या अगदी शेवटी, ज्या तुर्काला आपण एकदा मारले त्याला तो कुत्रा म्हणतो आणि तोच घाव स्वतःवर घालतो. मारणारा आणि मारला जाणारा, दोन्ही तोच. म्हणजे इयागोची पशुप्रतिमा नष्ट झालेली नाही; ऑथेल्लो तिला स्वतःच्या देहात ओळखतो आणि तेथेच तिचा अंत करतो. याला केवळ आत्मवंचना म्हणणे कठीण आहे. निर्भेळ उदात्तता म्हणणेही तितकेच कठीण. त्यानंतर लोडोव्हिको इयागोला कुत्रा म्हणून संबोधितो, आणि ती प्रतिमा तिच्या मूळ धन्याकडे परत जाते.

मराठीत 'ऑथेल्लो'चे भाषांतर १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केले, आणि १८९० मध्ये देवलांचे 'झुंझारराव' आले. अशा कृतींचा अभ्यास करताना एकेका ओळीचा अर्थ उतरला की नाही, एवढेच पाहून भागणार नाही. एक पात्र दुसऱ्याचा शब्द उचलते, तो शब्द भाषांतरात तोच राहिला पाहिजे. विल्यम एम्पसन यांनी ज्या 'ऑनेस्ट' शब्दाची व त्याच्या भाववाचक रूपाची मिळून ५२ स्थाने या नाटकात मोजली, तो शब्द इयागोच्या सचोटीला आणि डेस्डेमोनाच्या शीलाला सारखाच लागतो. मराठीत पुरुषाला 'प्रामाणिक' आणि स्त्रीला 'शीलवती' म्हटले की अर्थ बरोबर उतरतो, पण ज्या एका शब्दाच्या आधारे सारे कारस्थान उभे आहे तो दुभंगतो. ही अडचण भाषांतरकाराच्या कौशल्याची नसून दोन भाषांच्या घडणीची आहे. भाषांतर मुळाशेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ती प्रथम जाणवते, आणि मूळ नाटकात शब्द कसे काम करतात हे तिच्यामुळेच त्याच्या ध्यानी येते.