मुळा मुळाच राहतो

‘काम हीच पूजा’ हे वाक्य ऑफिसच्या भिंतीवर दिसलं की मला त्यात पूजेपेक्षा ओव्हरटाइमचा वास येतो. पुरावा म्हणून संतांची नावं हमखास पुढे केली जातात. मात्र त्यांचे अभंग शेजारी शेजारी ठेवून वाचा. ते एकच गोष्ट सांगत नाहीत.

सेना न्हाव्याच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात हजामतीचा आरसा आणि चिमटा मनाच्या साफसफाईला लागतात. रूपक चोख आहे, पण खुर्द गिऱ्हाइकाची दाढी त्यात हरवते. सावता माळी असं करत नाही. अरणच्या या माळ्याला भाजीच्या वाफ्यात, मोटेत, विहिरीतच विठ्ठल भेटतो. मुळा कशाचं प्रतीक होत नाही, मुळाच राहतो. मला हा अभंग जास्त धीट वाटतो, कारण काम सोडून देवाकडे जायची गरजच तो मोडीत काढतो. आजही सावत्याच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला येते.

आज आपण हा अभंग गातो त्यात मिरचीही आहे. सावता गेला १२९५ मध्ये आणि मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १४९८ नंतर. कुणीतरी पुढच्या काळात आपल्या परसातलं पीक त्यात लावलं असणार. अभ्यासकाला ही भेसळ वाटेल. मला तो कष्टकऱ्यांनी अभंगावर सांगितलेला हक्क वाटतो.

जनाबाई आणखी पुढे जाते. तिच्या अभंगांत विठ्ठल दळायला बसतो, शेण्या वेचतो. नामदेवाच्या घरची ही दासी. देवाची सेवा कशी करावी हे सांगण्याऐवजी ती देवालाच कामाला लावते. इथे आज्ञाधारक कोण आहे?

पण या सगळ्यावर चोखामेळ्याची सावली आहे. परंपरा सांगते, १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तो त्याखाली गेला. ते काम त्याने निवडलेलं नव्हतं, जातीने गळ्यात घातलं होतं. जात ही श्रमाचीच नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडलं. चोख्याचा मुलगा कर्ममेळा शतकांपूर्वीच देवाला थेट जाब विचारत होता: या जन्मात आम्हाला सुख कसलं दिलंस?

म्हणून माझा निकष साधा आहे. हातातलं काम नाकारता येत असेल, तर ते देवाला वाहण्यात अर्थ आहे. नाकारताच येत नसेल, तर ती वेठ आहे, आणि वेठीला पूजा म्हणणं मालकाच्या सोयीचं असतं. सावत्याचा अभंग जरूर गा. पण त्याच बैठकीत कर्ममेळाही गा.