'स्त्रीपुरुषतुलना' आणि गर्भरक्षणाचा कायदा

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) हा निबंध त्यातील त्वेषामुळे स्मरणात राहतो. तो त्वेष क्षणभर बाजूस ठेवून वाचन केल्यास त्यात कायद्याविषयीचा एक मूलगामी प्रश्न आढळतो.

निबंधाचे निमित्त सुरतेचा खटला होय. १८८१ साली विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेस स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. त्यावरून वृत्तपत्रांनी स्त्रीजातीस जी दूषणे दिली, त्यांस हे उत्तर होते.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने जन्म ही सीमारेषा मानली होती. कलम २९९ अन्वये उदरातील अर्भकाचा मृत्यू घडविणे हा मनुष्यवध नव्हता. त्यासाठी ३१२ ते ३१६ ही स्वतंत्र कलमे होती. स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीही कलम ३१२ खाली अपराधी ठरे व तीन वर्षांपर्यंत, गर्भ स्पंदू लागल्यावर सात वर्षांपर्यंत, कारावासास पात्र होई. जिवंत अर्भकाचा कोणताही भाग बाहेर आल्यावर मात्र खुनाचा आरोप संभवे. एकाच लोकलज्जेपोटी घडलेल्या दोन कृत्यांत कारावास आणि फास एवढे अंतर पडे.

ताराबाईंचा रोख या रेषेवर नाही. ती लोकलज्जा कोणी निर्माण केली, यावर आहे. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता दिली, तरी रूढीने ती नाकारली. कायदा कृत्य पाहतो, ताराबाई कारण पाहतात. चिथावणी सिद्ध झाल्याखेरीज पुरुष आरोपीच्या पिंजऱ्यात येतच नाही, ही उणीव त्यांच्या युक्तिवादाने उघड होते. परंतु या विवेचनात अर्भकाचा विचार गौण राहतो, हेही नमूद केले पाहिजे.

तो विचार संस्थांनी केला. फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध. त्याच जिल्ह्यात, पंढरपुरास, कुंकू पुसले गेलेल्या स्त्रियांच्या अपत्यांसाठी १८७५ साली असेच गृह निघाले. त्याचे प्रवर्तक लालशंकर उमियाशंकर हे स्वतः न्यायाधीश होते. शिक्षेने अर्भक वाचत नाही, ही कबुली न्यायासनावरील व्यक्तीच्या कृतीतूनच मिळाली, हे लक्षणीय होय.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही स्वतःचा गर्भपात करणारी स्त्री अपराधीच आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने अपवाद निर्माण केला. २०२१ च्या नियमांनी चोवीस आठवड्यांपर्यंतच्या सवलतीत गर्भारपणी वैधव्य आलेल्या स्त्रीचा स्पष्ट समावेश केला. ताराबाईंच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर झाले. पुरुषाच्या उत्तरदायित्वाचे दुसरे अर्धे अद्याप बाकी आहे.