मूळ गाव: अज्ञात

सुट्टीत वाचायला काहीतरी छानसं सुचवा, असं कोणी म्हटलं तर मी 'द ग्रेट मायग्रेशन बिगिन्स'चं नाव मुळीच घेणार नाही. बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिअलॉजिकल सोसायटीने १९९५ साली काढलेले हे तीन जाडजूड खंड. लेखक रॉबर्ट चार्ल्स अँडरसन. १६२० ते १६३३ या काळात न्यू इंग्लंडला येऊन राहिलेल्या नऊशेहून अधिक कुटुंबांच्या आणि व्यक्तींच्या नोंदी, अकारविल्हे. तरीही गेल्या हिवाळ्यात लायब्ररीच्या संदर्भ विभागात बसून (घरी नेऊ देत नाहीत!) मी ते वाचतच राहिले.

प्रत्येक नोंदीचे मथळे ठरलेले: मूळ गाव, कधी आला, पहिली वस्ती, पुढे कुठे गेला, धंदा, चर्च, मालमत्ता, लग्न, मुलं. माहिती येते ती गावाच्या जमीनवाटपाच्या वह्या, कोर्टकज्जे, मृत्युपत्रं आणि माणूस गेल्यावर शेजाऱ्यांनी केलेल्या भांडी-अंथरुणं-गाईंच्या यादीतून. एका कागदातून दुसरी गोष्ट कशी निघते पाहा. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६३१ पासून चर्चचा सभासद असल्याशिवाय 'फ्रीमन', म्हणजे मताचा हक्क असलेला रहिवासी, होता येत नसे. त्यामुळे फ्रीमनच्या यादीत नाव सापडलं, की चर्चची वही हरवलेली असली तरी सभासदत्व कळतं.

तारखांची भानगड मात्र आधी समजून घ्यावी. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास म्हणा ना! हे १७५२ पर्यंत चाललं. एप्रिल १६३२ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १६३२ मध्ये बाळाचा बाप्तिस्मा, असं वाचून दचकू नये. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६३३ चा.

मला या ग्रंथात सर्वांत आवडला तो एक शब्द: 'अज्ञात'. मूळ गावापुढे तो कितीतरी ठिकाणी येतो. पुरावा नाही, तर नाही. या धंद्यात हे सोपं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने श्रीमंत अमेरिकनांना भरघोस पैसे घेऊन बनावट वंशावळी करून दिल्या. त्याचं बिंग फोडणाऱ्या अभ्यासकांत अँडरसनही होते. माझ्या सासरी एक कुलवृत्तांत आहे. त्यात मूळ पुरुषापासून पेशवाईपर्यंतची मधली शे-दोनशे वर्षं लेखकाने एका परिच्छेदात ओलांडली आहेत. तिथे 'अज्ञात' एवढंच लिहिलं असतं, तर पुढच्या पानांवर माझा जास्त विश्वास बसला असता.

आणि 'अज्ञात' कायमचं असतं असंही नाही. 'मेफ्लॉवर'वर मोर आडनावाची चार ते आठ वर्षांची चार भावंडं होती, सोबत आईवडील नाहीत. त्यांतला फक्त रिचर्ड जगला. पोरकी असतील बिचारी, असाच समज होता. विसाव्या शतकात इंग्लंडमधली कागदपत्रं पुढे आली, तेव्हा कळलं की श्रॉपशायरमधल्या सॅम्युएल मोरने, ही मुलं आपली नव्हेतच असं मानून, त्यांना बायकोपासून तोडून जहाजावर धाडलं होतं. इथल्या कागदांत हे कधीच सापडलं नसतं. म्हणून मूळ देशातले कागद शोधण्यावर अँडरसन यांचा भर आहे, तो मला फार पटतो.

आता तक्रार. नोंद पुरुषाच्या नावाने. बायको आणि मुलं त्याच्या खाली. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपच्या चारही बायकांची माहेरची नावं ठाऊक आहेत, कारण घराणी मोठी. सुताराची, कोळ्याची बायको नुसती 'मेरी' किंवा 'अ‍ॅन'. दोष कागदांचा, मान्य. पण प्रस्तावनेत यावर चार पानं खर्ची घातली असती तर? कुलवृत्तांत वाचतानाही मी याच जागी अडखळते. आपल्याकडे तर लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलत असे, मग शोधायचं कसं?

दुसरी गोष्ट जास्त खुपते. मालमत्तेखाली एकरांचे आकडे अगदी काटेकोर, पण जमीन आधी कोणाची ते नाही. प्लिमथ वसलं ती वाम्पानोआग लोकांच्या पटक्सेट गावाची जागा. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव ओस पडलं. तिथल्या टिस्क्वांटमला १६१४ मध्ये इंग्रजांनी पळवून स्पेनला नेलं होतं. पुढे इंग्लंडमार्गे तो १६१९ साली परतला, तेव्हा गावात कोणी उरलं नव्हतं. अटलांटिक ओलांडून तोही आला होता. येण्याची तारीख, मूळ गाव, धंदा (दुभाष्या), सगळं ठाऊक आहे. या ग्रंथाच्या व्याख्येत मात्र तो स्थलांतरित ठरत नाही, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंद नाही.