‘बॅकअप आहे’ या उत्तराचं काय करायचं?

क्लाउडवर पीएचडी करायचं ठरवलंत, की ॲमेझॉनचं ‘वेल-आर्किटेक्टेड फ्रेमवर्क’ लवकरच हाती पडणार. 2015 मध्ये त्याचे चार खांब होते: सुरक्षा, विश्वासार्हता, कार्यक्षमता आणि खर्च. 2016 मध्ये दैनंदिन कामकाज आलं, 2021 मध्ये पर्यावरण. दस्तऐवज चांगला आहे, नीट वाचा. माझी तक्रार आहे ती आपण संशोधक त्याचा जो वापर करू पाहतो त्याबद्दल.

मोह सोपा असतो. रिव्ह्यू करायचा, टूलने दाखवलेले ‘हाय रिस्क’ मुद्दे मोजायचे, बदल करून पुन्हा मोजायचे. समजा, 20 चे 8 झाले. सिस्टिम सुधारली!

थांबा. टूलमध्ये उत्तरं भरतं कोण? टीमच. समजा, इथे कळंबमधल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मुंबई रीजनमध्ये चालतंय. बॅकअप घेता का? ‘रोज रात्री घेतो की.’ टिक. पण तो बॅकअप त्याच अकाउंटमध्ये पडलाय आणि मूळ डेटा जो पुसू शकतो, तोच बॅकअपही पुसू शकतो. रिस्टोर करून कुणी पाहिलेलंच नाही. फ्रेमवर्क रिस्टोरच्या चाचणीबद्दलही विचारतं, हे मान्य. पण तिथेही टिक करायला पुरावा लागत नाही.

हे काल्पनिक वाटत असेल तर गिटलॅब बघा. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच पद्धती होत्या, भरवशाची एकही निघाली नाही. रोजचा बॅकअप पोस्टग्रेसच्या आवृत्त्या न जुळल्याने फेल होत होता आणि ते कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, हाताने काढलेला स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. आदल्या दिवशी रिव्ह्यू झाला असता, तर ‘बॅकअप आहे’ असंच प्रामाणिक उत्तर आलं असतं ना?

रिव्ह्यू म्हणजे संवाद, ऑडिट नव्हे, असं फ्रेमवर्क स्वतःच सांगतं. मग त्या आकड्यावर आपण रिग्रेशन कसं चालवायचं? आकडा जरूर घ्या, पण त्याला ‘टीमने सांगितलेली जोखीम’ म्हणा. शक्य असेल तर त्याच सिस्टिमचा रिव्ह्यू दोघांकडून वेगवेगळा करून घ्या आणि उत्तरं किती जुळतात ते छापा. गाइड कुरकुरतील, कुरकुरू द्या.

आणि पतसंस्थेकडे एक दिवस मागा, मार्चएंड सोडून कुठलाही. रिकाम्या अकाउंटमध्ये कालचा बॅकअप रिस्टोर करायला सांगा, शेजारी घड्याळ लावून बसा. किती मिनिटं लागली आणि कितव्या पावतीपर्यंतचा डेटा परत आला, हे दोन आकडे आधी वहीत लिहा. टूल त्यानंतर उघडा.